कंसातलं नाव

आमच्या चाळीच्या मागच्या बाजूला एक जुनी वाडी होती. गिरगावात तेव्हा अशा वाड्या बऱ्याच होत्या. लाकडी जिने, कौलं, पुढे ओटा आणि ओट्याच्या टोकाला छोटा पांढरा क्रूस. तिथल्या एका घरात आईचं गिऱ्हाईक होतं. आई घरी शिवणकाम करायची. एरवी ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. पण डिसेंबर उजाडला की त्या घरच्या आंटींचा आणि त्यांच्या दोन मुलींचा, असे तीन फ्रॉक आमच्याकडे यायचे. कच्ची शिलाई झाली की आई फिटिंगला जायची आणि टाचण्यांची डबी धरायला मला बरोबर न्यायची.

आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्याच मूळच्या ख्रिस्ती. आमच्याशी त्यांच्या वळणाच्या मराठीत बोलायच्या, आईला वहिनी म्हणायच्या. घरात शिरताच डाव्या हाताला रेकॉर्ड प्लेअर. त्यावर फिटिंगभर एकच आवाज चालू असायचा, जिम रीव्ह्ज या अमेरिकन गायकाचा. मुंबईतल्या, वसईतल्या, गोव्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत हा आवाज घरच्या माणसासारखा वावरत होता हे मला पुढे कळलं. त्या वयात एवढंच जाणवायचं, की हा माणूस कानाशी येऊन हळू बोलतोय आणि त्याला कसलीही घाई नाही. आई तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसलेली, आंटी हात पसरून उभ्या, आणि मागे तो आवाज.

आई प्रत्येक कपड्याला आतून दोन बोटं माया सोडायची. कापड कमी असलं तरी सोडायची. आंटी म्हणायच्या, "वहिनी, एवढं कापड आत कशाला वाया घालवता?" आई टाचण्या काढून म्हणायची, "असू द्या. पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येईल. पोरी वाढतात."

रेकॉर्डची बाजू संपली की तबकडी काढून पाकिटात घालायचं काम माझं. मधल्या गोल कागदावर गाण्यांची नावं असायची आणि प्रत्येक नावापुढे, त्याहून बारीक अक्षरात, कंसात आणखी एक नाव. गाणारा तर एकच, मग ही कंसातली माणसं कोण? आंटींनी सांगितलं, गाणं लिहिणारे. त्यांच्या सगळ्यात आवडत्या गाण्यापुढे कंसात होतं सी. वॉकर. ते 'डिस्टंट ड्रम्स'. मी मनातल्या मनात सी. वॉकर नावाचा माणूस उभा केला: उंच, हॅट घातलेला, घोड्यावर बसलेला. कितीतरी वर्षं तो माझ्या मनात तसाच बसून होता.

आमच्याकडे आकाशवाणीवर गाणं लावण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची चांगली रीत होती. त्यामुळे शब्द कुणाचे हे मराठी घरातल्या पोरांनाही पाठ असायचं. त्याच्याही मागे गेलं तर आपल्याकडे लिहिणारा स्वतःचं नाव गाण्यातच ओवून ठेवतो. जनाबाईला कंसाची गरज नाही. ती शेवटच्या चरणात स्वतः येऊन उभी राहते. गाणारा कुणीही असो, त्याला तिचं नाव घ्यावंच लागतं. अमेरिकेतल्या त्या गाण्यांत अशी सोय नव्हती. गाणाऱ्याचा चेहरा पाकिटावर, लिहिणारा कंसात.

सी. वॉकर ही बाई आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. एका रात्री मी रे चार्ल्स या अमेरिकन गायकाला ऐकत होते. 'यू डोन्ट नो मी' संपलं, पुन्हा लावलं, मग पुन्हा. हे कुणी लिहिलं म्हणून पाहिलं तर दोन नावं: एडी अर्नॉल्ड आणि सिंडी वॉकर. ते आडनाव कुठेतरी पाहिलेलं होतं. मग आंटींचं घर आठवलं, टाचण्यांची डबी आठवली. शोधत गेले तर दोन्ही एकच. घोड्यावरचा हॅटवाला खाली उतरला आणि त्याच्या जागी टेक्ससमधल्या एका लहान गावातली, पहाटे उठून टाइपरायटरपुढे बसणारी बाई आली. त्यानंतरची काही वर्षं मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत आणि ऐकत आले आहे.

सिंडी वॉकरचा जन्म २० जुलै १९१८चा, मध्य टेक्ससमधल्या मार्ट गावाजवळ, आजोळच्या शेतावर. हा सगळा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा मुलूख. वडील कापसाचे व्यापारी. आई ओरी पियानो वाजवणारी. आईचे वडील, एफ. एल. आयलँड, हे चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या भक्तिगीतांचे नावाजलेले संगीतकार. त्यांनी चाल दिलेलं 'होल्ड टू गॉड्स अनचेंजिंग हँड' आजही म्हटलं जातं. सिंडी जन्मली तेव्हा ते हयात नव्हते, पण घरात पियानो होता आणि तो वाजवणारी त्यांची मुलगी होती. आपल्याकडे भजनी घराण्यातल्या पोरीला ताल शिकवावा लागत नाही, तसंच काहीसं.

ती लहानपणापासून रंगमंचावर नाचायची, गायची. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानी भागात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली. आकाश काळं व्हायचं, शेतं उडून जायची, माणसं घरदार सोडून पश्चिमेला निघायची. किशोरवयातल्या सिंडीनं ही वर्णनं वर्तमानपत्रात वाचली आणि 'डस्टी स्काइज' नावाचं गाणं लिहिलं. ते ऐकताना गुरं हाकत निघालेला, मागे वळून पाहणारा गुराखी समोर दिसतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. न जगलेल्या माणसाच्या जागी जाऊन उभं राहणं तिला पहिल्यापासून जमत होतं.

हल्ली गाणी लिहून स्वतः गाणाऱ्यांकडे आपण एकच मागणी करतो: स्वतःचं आयुष्य मांडा, स्वतःची जखम दाखवा. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीतात तर ही मागणी जास्तच. दारू, तुरुंग, घटस्फोट, मालवाहू ट्रकच्या मागून केलेला प्रवास, हे सगळं गायकाच्या अंगावर दिसलं पाहिजे. सिंडीच्या बाबतीत असलं काही हाती लागत नाही. तिनं दारूच्या ग्लासापुढे बसलेल्या एकट्या पुरुषाचं गाणं लिहिलं, मेलेल्या मित्राला पुरताना गळ्यात टाय बांधणाऱ्या गड्याचं लिहिलं. यातलं काही तिचं नव्हतं आणि ऐकताना ते उसनं कुठेच वाटत नाही. स्वतःचं दुःख सांगणाऱ्यांचा मला आदर आहे. पण दुसऱ्याचं दुःख त्याच्या मापानं शिवून त्याच्या हातात देणं याला मी वरचा दर्जा देते. त्यात माझ्या आईचा वाटा असेलही.

तिची सुरुवात मात्र खुद्द नशिबालाच भिडून झाली. १९४०-४१च्या सुमारास वडील कामानिमित्त लॉस एंजेलिसला निघाले, आई आणि मुलगी बरोबर. सिंडीच्या पेटीत गाणी होती. सनसेट बुलेवार्डवरून गाडी चालली होती आणि रस्त्याच्या कडेला एका इमारतीवर बिंग क्रॉस्बीचं नाव दिसलं. क्रॉस्बी तेव्हा अमेरिकेतला सगळ्यात लाडका गायक. ही म्हणाली, बाबा, गाडी थांबवा. वडिलांनी वेडी आहेस का म्हटलं, पण थांबवली. बावीस-तेवीस वर्षांची ही मुलगी ओळखपाळख नसताना आत गेली. तिथे क्रॉस्बीचा भाऊ लॅरी होता. गाणं ऐकवायचं तर पियानो कोण वाजवणार? ती पळत बाहेर आली आणि गाडीत बसलेल्या आईला घेऊन गेली.

मी या प्रसंगापाशी नेहमी थांबते. मुलगी हात धरून ओढतेय, आणि आई उठते. आपल्याकडच्या कितीतरी आया "असं कसं जायचं परक्याच्या कचेरीत" म्हणत गाडीतच बसून राहिल्या असत्या. ओरी आत गेली, पियानोवर बसली, मुलगी गायली. लॅरीला गाणं आवडलं. दुसऱ्या दिवशी पॅरामाउंट स्टुडिओत तिनं गिटारवर ते खुद्द बिंगला गाऊन दाखवलं. 'लोन स्टार ट्रेल' त्यानं ध्वनिमुद्रित केलं. एवढंच नाही, तिचा नमुना ऐकून डेक्का कंपनीनं तिलाच गायिका म्हणून करारबद्ध केलं. कुटुंब लॉस एंजेलिसमध्ये राहिलं, तेरा वर्षं.

म्हणजे गायिका व्हायचा रस्ता मोकळा होता. ती दिसायला सुरेख, नाचणारी, कॅमेऱ्यापुढे सहज वावरणारी. नाणं टाकून पडद्यावर गाणं पाहायच्या यंत्रांचा तेव्हा जमाना होता; त्यांच्यासाठीही तिची गाणी चित्रित झाली. १९४४ साली तिच्या आवाजातली 'व्हेन माय ब्लू मून टर्न्स टू गोल्ड अगेन' ही तबकडी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेली. गायिका म्हणून तिचं हे एकच मोठं यश, आणि ते गाणं लिहिलेलं होतं दुसऱ्यांनी. गीतकार म्हणून जिच्या शब्दांवर पाच दशकं दुसरे गाजले, तिला गायिका म्हणून गाजवलं ते दुसऱ्यांच्या शब्दांनी. त्यानंतर काही वर्षांतच तिनं गाणं बाजूला ठेवलं आणि लिहिण्याकडे पूर्ण वळली.

तिला लिहायला लावणारा पहिला मोठा माणूस म्हणजे बॉब विल्स. टेक्ससचाच, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, मोठा ताफा घेऊन फिरणारा. गावाकडची फिडलची धून आणि शहरातलं जॅझ एकत्र करून लोकांना रात्रभर नाचवणारं हे संगीत. त्याला वेस्टर्न स्विंग म्हणतात. विल्स शहरात आलाय कळल्यावर सिंडीनं हॉटेलांना फोन लावून तो कुठे उतरलाय ते शोधून काढलं आणि गाणी घेऊन गेली. त्या पहिल्या गठ्ठ्यात 'चेरोकी मेडन' होतं आणि किशोरवयात लिहिलेलं 'डस्टी स्काइज'सुद्धा. विल्सनं गाणी घेतली. पुढे त्यानं चित्रपट केले, त्यांना गाणी हवी होती. तीही हिनंच लिहिली. सगळी मिळून विल्सनं तिची पन्नासहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. 'चेरोकी मेडन' १९७६ साली मर्ल हॅगर्डनं पुन्हा गायलं आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. मधे पस्तीस वर्षं गेली होती.

तिच्या गाण्यांच्या यादीकडे पाहताना मला आईची वही आठवते. आईच्या वहीत प्रत्येक पानावर एक नाव आणि खाली मापं: उंची, छाती, कंबर, बाही, गळा मागून-पुढून. सिंडीच्या डोक्यात अशीच एक वही असणार. गायक एडी अर्नॉल्डला मऊ, लांब ओळी. अर्नेस्ट टबचा आवाज जाड, सरळ. त्याला बोलल्यासारखे, थोडे शब्द. हँक स्नोला धावती चाल. जीन ऑट्रीला डोंगर, बर्फ आणि घरची ओढ. वेब पिअर्सबरोबर लिहिलेलं 'आय डोन्ट केअर' १९५५ साली पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १९८२ साली रिकी स्कॅग्सनं गायलं तेव्हा पुन्हा पहिल्या क्रमांकावर. चाळीसच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत प्रत्येक दशकात तिचं एखादं तरी गाणं पहिल्या दहांत होतं. पाचशेहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित झाली. मापाचे एवढे कपडे शिवूनही स्वतःसाठी कापड न ठेवणारी बाई मी घरात पाहिली होती.

१९५४ साली ती टेक्ससला परतली. मेक्सिया नावाच्या गावी. लिहितात मेक्सिया, तिथली माणसं म्हणतात मुहेया. आई बरोबर. कंट्री संगीताचा सगळा बाजार नॅशव्हिलमध्ये, पण तिथे ती कायमची राहायला कधीच गेली नाही. वर्षातले काही महिने मायलेकी नॅशव्हिलला जागा घेऊन राहायच्या, गायकांना आणि निर्मात्यांना गाणी ऐकवायच्या, आणि परत गावाला. एखादी गवळण दूध घालून घरी यावी तशा.

तिचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. गाव झोपलेलं असताना कॉफी करून ती वरच्या खोलीत जायची आणि गुलाबी कडांच्या टाइपरायटरवर लिहायला बसायची. शब्द आणि चाल दोन्ही तिचीच. पण चाल पक्की व्हायची ती खाली, आईच्या पियानोवर. आई वाजवून पाहायची, इथे अडतंय म्हणायची, मुलगी पुन्हा वर जायची. मला त्या जिन्याचं फार अप्रूप वाटतं. गाणं त्या पायऱ्यांवरून वर-खाली होत होत तयार व्हायचं. आमच्याकडे जिना नव्हता, एकच खोली होती, पण आई काखेत कात्री वळवताना मी काहीतरी मोठ्यानं वाचत असायची आणि ती मशीन न थांबवता म्हणायची, "तिथे परत वाच, काहीतरी राहिलं." तिला ऐकू कसं यायचं कोण जाणे.

आता 'यू डोन्ट नो मी'कडे येते, कारण त्या गाण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

१९५५ साली नॅशव्हिलमध्ये रेडिओवर गाणी लावणाऱ्या निवेदकांचं वार्षिक संमेलन होतं. तिथे एडी अर्नॉल्डनं तिला एक कल्पना सांगितली. एका माणसाचं एका बाईवर मनापासून प्रेम आहे, वर्षानुवर्षं आहे, तो भित्रा आहे, कधी बोललाच नाही. तिला तो फक्त ओळखीचा वाटतो. नावही त्यानंच सुचवलं. तिनं ते घरी नेलं. गोष्ट सोपी वाटते, पण ज्यानं लिहायचा प्रयत्न केलाय त्याला माहीत असेल: या गोष्टीत काही घडतच नाही. भेट होते, हात हातात येतो, कशी आहेस विचारलं जातं, आणि ती दुसऱ्या कुणाबरोबर निघून जाते. एवढंच. न घडण्याचं गाणं लिहायचं.

तिनं ते कसं केलं हे मी पुष्कळदा ऐकून शोधत आले. एक तर तिनं रडण्याचा एकही मोठा शब्द वापरला नाही. काळीज फाटलं, जग बुडालं, असलं काही नाही. सगळे शब्द दोन ओळखीच्या माणसांनी रस्त्यात वापरावेत तसे. माणूस स्वतःबद्दल तक्रारही करत नाही. तुला माहीत नाही, एवढंच म्हणतो, आणि त्या तीन-चार साध्या शब्दांवर चाल हळूच खाली उतरते. दुसरं म्हणजे गाणारा पुरुष आहे की बाई, हे जवळजवळ सांगितलेलंच नाही. शेवटाकडचा एक शब्द बदलला की कुणालाही गाता येतं. आत माया सोडलेली आहे. म्हणून ते इतक्यांच्या अंगाला बसलं. अर्नॉल्डनं गायलं, जेरी वेलनं गायलं, एल्व्हिसनं गायलं, १९८१ साली मिकी गिलीनं गाऊन कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं.

आणि रे चार्ल्सनं गायलं. १९६२ साल. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला अजून गोऱ्यांच्या खाणावळीत बसता येत नव्हतं. कंट्री हे गोऱ्यांचं, गावाकडचं संगीत मानलं जायचं. दक्षिणेतच वाढलेल्या या अंध काळ्या गायकानं ठरवलं की आपण ही गाणी गायची, पूर्ण तबकडी भरून, व्हायोलिनांच्या ताफ्यासह. पुष्कळांना ते धाडस वाटलं होतं. तबकडी तुफान चालली आणि 'यू डोन्ट नो मी' अमेरिकेच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. हात मिळवतोस, हाक मारतोस, आणि मला ओळखत मात्र नाहीस, हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी, त्या वर्षी, एका बाईपुरतं राहत नाही. सिंडीनं ते मनात धरून लिहिलं असं मी म्हणणार नाही. तिनं अर्नॉल्डच्या मापानं शिवलं होतं. पण रे चार्ल्सनं ते अंगात घातलं आणि एक सुरकुती पडली नाही.

त्याच वर्षी रॉय ऑर्बिसननं तिचं 'ड्रीम बेबी' गाजवलं, तेही अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत. ते अगदी दुसऱ्या टोकाचं: नाचरं, उतावळं, तेच तेच शब्द घोळवत वर चढत जाणारं. चाळिशी उलटल्यावर मेक्सियातल्या वरच्या खोलीत बसून तिनं अठरा वर्षांच्या पोराची अधीरता पकडली होती.

आणि मग आंटींचं गाणं. जिम रीव्ह्जही टेक्ससचाच. त्यानं तिची बरीच गाणी गायली होती. दोघांचा सूर जुळलेला होता. 'डिस्टंट ड्रम्स' त्याला आवडलं, पण कंपनीतल्या जाणकारांना ते चालेलसं वाटलं नाही. तेव्हा त्यानं ते केवळ सिंडीसाठी, साध्या साथीवर गाऊन दिलं, नमुना म्हणून. ३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ वादळात त्याचं छोटं विमान कोसळलं. तो स्वतःच चालवत होता. वय चाळीस. त्याच्या माघारी त्या नमुन्यावर वाद्यवृंदाची साथ चढवली गेली आणि १९६६ साली गाणं बाजारात आलं. दूरवर रणवाद्यं वाजतायत, बोलावणं कधीही येईल, तेव्हा आपण लवकर लग्न करू या, असं एक तरुण त्याच्या मेरीला सांगतो. तिकडे व्हिएतनामला पोरं जात होती. कंट्रीच्या यादीत ते पहिलं आलंच, पण इंग्लंडमध्येही सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. बीटल्सच्या ऐन भरातल्या इंग्लंडमध्ये. चालणार नाही म्हणून बाजूला ठेवलेलं, एका गायकानं एका लेखिकेला घरगुती भेट दिल्यासारखं गायलेलं, आणि गाणारा जगात नसताना.

आंटींना यातलं एवढंच ठाऊक होतं की तो गेल्यावर हे गाणं आलं. ते लागलं की त्या फिटिंग थांबवायच्या. हात तसेच पसरलेले. आईही थांबायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण कुणीतरी निघालंय आणि परत यायची खात्री नाही, हे तिला कळलं होतं. एकदा घरी येताना तिनं मला विचारलं होतं, "तो कुठे चाललाय गं?" मी म्हटलं, लढाईवर. आई पुढे बोलली नाही.

१९६४ सालीच सिंडीनं स्वतःच्या आवाजात स्वतःच्या गाण्यांची एक तबकडी काढली. ती गाजली नाही. मी ऐकली आहे. आवाज स्वच्छ, शब्द काचेसारखे स्पष्ट, आणि गाण्यात गाणारी कुठे मधे येत नाही. कापड दाखवताना शिंपीण स्वतः बाजूला होते, तसं. कुणी म्हणेल की म्हणूनच गाजली नाही. मला ती तबकडी प्रिय आहे, कारण बाकी सगळीकडे जी कंसात आहे ती तिथे कंसाबाहेर ऐकू येते.

मानसन्मान आले, उशिरा. १९७० साली नॅशव्हिलच्या गीतकारांच्या मानाच्या यादीत पहिल्याच तुकडीत तिचं नाव होतं. स्वतः मोठा गीतकार असलेला हार्लन हॉवर्ड तिला कंट्री संगीतातली हयात असलेली सर्वांत थोर गीतकार म्हणत असे. आई १९९१ साली गेली. खालचा पियानो थांबला. सिंडी त्याच घरात राहिली. मार्च २००६मध्ये विली नेल्सननं फक्त तिच्या गाण्यांची एक पूर्ण तबकडी काढली, पाकिटावर तिचं नाव ठळक. ती १४ तारखेला आली. २३ तारखेला मेक्सियातल्या इस्पितळात सिंडी गेली. वय सत्त्याऐंशी. आपलं नाव कंसाबाहेर छापलेलं तिनं नऊ दिवस पाहिलं.

पण मला तिची शेवटची म्हणून आठवते ती १९९७ची संध्याकाळ. त्या वर्षी कंट्री संगीताच्या सर्वोच्च मानाच्या दालनात तिचा समावेश झाला. व्यासपीठावर एकोणऐंशी वर्षांची सिंडी उभी राहिली आणि तिनं भाषण केलं नाही. यमकात बांधलेल्या काही ओळी म्हटल्या. ऐंशीच्या दशकात एका समारंभासाठी आईनं तिला एक पोशाख घेतला होता. तेव्हा आई म्हणाली होती, तुला त्या दालनात घेतील ना, त्या दिवशी तू हाच घाल. ती म्हणाली होती, आई, ते कधीच व्हायचं नाही. वर्षं गेली, आई गेली. आज आई असती तर सुखावली असती. आणि आज मी तोच पोशाख घातलाय. एवढं म्हणून तिला हुंदका आला आणि सभागृह उभं राहिलं.

हे मी आईला सांगितलं. आता तिच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही, मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलंय. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. आंटींच्या रेकॉर्डवरची ती कंसातली बाई, म्हटल्यावर तिला चटकन आठवलं. मग बराच वेळ ती पदराची कड बोटांत फिरवत राहिली.

"किती वर्षांनी घातला म्हणालीस?"

"दहा-पंधरा तरी झाली असतील."

"आणि झाला अंगात?"

"झाला असणार. घालून उभी होती."

"म्हणजे आईनं घेताना उलटा करून बघितला होता," आई म्हणाली. "आत माया होती."